न दिलेला गणिताचा पेपर

वडीगोद्री
गुरुवार, २४ जुलै २०२५

ती. हरिओमदादास,

साधनाचा नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. तूही पुण्यात वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. हे पत्र उद्या पुण्याला येणाऱ्या पुष्पामावशीच्या हाती देतेय. घरात फोन एकच, तोही बाबांचा, आणि तुझा फोन आला की आईपासून शेजारच्या द्वारकाकाकूपर्यंत सगळे ऐकायला बसतात. म्हणून कागद.

कपाशी चांगली आलीय. आईच्या चष्म्याची काडी तुटली, दोरा बांधून वापरते, तेवढं बघ. आणि बाबांनी माझं नाव नर्सिंगला घालायचं ठरवलंय. सोमवारी ते माझी टीसी आणि बारावीची मूळ गुणपत्रिका घेऊन जालन्याला जाणार. एकदा ती तिथं जमा झाली की मधेच परत मिळणं मुश्किल, हे तुला माहीत आहेच.

नर्सिंग वाईट नाही. मला रक्त बघून चक्कर येते, एवढंच.

दिल्लीच्या विद्यापीठाचं पोर्टल उघडलं तेव्हा मी सुमितभाऊंच्या नेट कॅफेत होते. संख्याशास्त्रावर क्लिक केलं तर 'अपात्र'. परत केलं, परत तेच. सुमितभाऊ म्हणाले, "ताई, ह्याला सीयूईटीतला गणिताचा पेपर लागून राह्यला. तुम्ही दिलाच न्हाई." मी त्यांच्यावरच ओरडले. बिचाऱ्यांचा काय दोष!

सीयूईटी, म्हणजे त्या प्रवेश परीक्षेचा अर्ज तू पुण्याहून भरलास, कारण ओटीपी तुझ्या फोनवर येतो. विषय पाचच निवडता येतात. हॉलतिकीट आलं तेव्हा मी तुला विचारलं होतं, गणित कुठंय? तू म्हणालास, "अगं, गणितात तू पक्की हाईस, बारावीचे मार्क धरतीलच की. जिथं कच्ची हाईस तिथं परीक्षा दे." पुरवणी परीक्षेला जसे फक्त राहिलेल्या विषयाला बसतात तसं तुला वाटलं. मलाही पटलं. आपल्याकडे पक्क्या विषयाची परीक्षा परत कोण देतं? मग मी इमानेइतबारे जीवशास्त्र घोकलं आणि त्यात मार्कही झकास पडले. आता त्या मार्कांचं काय करू, लोणचं घालू?

चीड त्या कॉलेजांचीही येते. बोर्डाच्या पेपरात मी जे सोडवलं ते त्यांना दिसत का नाही? एकाच विषयात किती वेळा पारखून घ्यायचं माणसाला? पण नियम त्यांनी लपवला नव्हता. वेबसाइटवर होता. आपण दोघांनीही वाचला नाही.

इथवरचं मी गिळलं असतं. पण दादा, तू बाबांना काय सांगितलंस? मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकू आलं. "तिला मार्क कमी पडले, बाबा. दिल्लीची पोरं लई पुढं हाईत." फोन ठेवल्यावर बाबा आईला म्हणाले, "पोरगी गावापुरतीच हुशार निघाली. मंग अजून एक साल कशाला वाया घालायचं?" तेव्हापासून ते माझ्याशी फार मऊ बोलतात. जेवताना "अजून घे गं" म्हणतात. मला ते बिलकुल सहन होत नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी त्यांना खरं का सांगितलं नाही, असं विचारशील. बाबा चौकात चहा पिताना सगळ्यांना सांगतात, आमचा हरिओम पुण्यात बसून घरची सगळी ऑनलाइन कामं बराबर करतो. त्यावर माझी जीभ रेटली नाही. आणि रोज वाटायचं, आज तू स्वतःच बोलशील. तू बोलला नाहीस. मला तुझा फार राग आलाय, दादा.

पुन्हा परीक्षा द्यायला बाबा मला एक वर्ष देतील. मी गणितात मागे पडले नाही, तो पेपर मी दिलाच नाही, एवढं त्यांना कळायला हवं. रविवारपर्यंत त्यांना फोन कर. नाही केलास तर सोमवारी ते निघायच्या आधी मी सांगेन. अर्जातली चूक मी दोघांची म्हणून सांगेन, कारण विचारून मीही गप्पच बसले होते. पण "तिला मार्क कमी पडले" हे कोण बोललं, ते मी तुझ्या एकट्याच्या नावानं सांगेन.

अजून तरी तुझीच,
साधना