‘चिअर’ या शब्दाचे उदाहरणवाक्य

३ मार्च
इंग्रजी-मराठी कोशातील ‘चिअर’ ही नोंद मला आणि शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला, अशा दोघांनाही लिहावयास दिली आहे. ज्याची नोंद सरस, त्याच्याकडे बहुधा दुसऱ्या खंडाचे संपादन. हा सहकारी दिवसभर गप्पा छाटतो. मनातल्या मनात मी त्याला खुशालचेंडू म्हणतो. स्पर्धा कसली!

४ मार्च
व्युत्पत्ती पूर्ण. निर्दोष. लॅटिन मूळ, अर्थ चेहरा. जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत. मग चेहऱ्यावरील भाव, मग मनःस्थिती, बरी वा वाईट. पुढे वाईट गळाली, प्रसन्नता तेवढी उरली. बाकी फक्त उदाहरणवाक्य, प्रसन्नतेच्या भरात बोललेले. ते रचायचे नाही, प्रत्यक्ष कुणाच्या तोंडून ऐकलेले हवे, असा मुख्य संपादकांचा दंडक आहे. अडाणी दंडक. एका संध्याकाळचे काम.

५ मार्च
जेवताना प्रसन्न चेहरा धारण केला, जेणेकरून इतरही प्रसन्न बोलतील. बायकोने विचारले, अहो, दाढ दुखतेय का? मुलीने विचारले, बाबा, नोकरी गेली का? घरच्यांची निरीक्षणशक्ती कच्ची आहे.

७ मार्च
बायकोला सरळच सांगितले, काहीतरी आनंदाने बोल. ती म्हणाली, काय बोलू ते तुम्हीच सांगा, नाहीतर पुन्हा चुका काढत बसाल. ‘पुन्हा’ हा शब्द येथे अनावश्यक असल्याचे मी निदर्शनास आणले. जेवण शांततेत पार पडले. शांतता हाही प्रसन्नतेचाच प्रकार. उद्यापासून अधिक संयम.

९ मार्च, दुपारी
उद्या शेवटची तारीख. वाक्य नाही. खुशालचेंडूकडे म्हणे ढीगभर वाक्ये जमली आहेत. म्हणाला, सर, एखादं देऊ का? उसने वाक्य! नाकारले. कॉफी टेबलावर सांडली. कप निसरडा असावा.

संध्याकाळी
लवकर निघालो. जिन्यात हसण्याचा आवाज. मजला चुकला असे वाटले. पण दारावरची पाटी आमचीच. आत मुलगी कुणाची तरी नक्कल करत होती: जाड आवाज, प्रत्येक शब्द तोलून, ‘येथे अनावश्यक आहे.’ तिच्या कॉलेजातील एखादे प्राध्यापक असावेत. बायको हसत हसत म्हणाली, अगं बाई, पुरे, पोट दुखलं माझं! गप्प बस आता, यायची वेळ होत आली त्यांची.
वाक्य मिळाले!
बेल दाबली. हसणे नळ बंद करावा तसे थांबले. दार बायकोने उघडले. कोरा चेहरा. लवकर आलात, म्हणाली.

१० मार्च
वाक्य वाचून मुख्य संपादक खुर्चीत रेलून हसले. अस्सल आहे हो, कुठे ऐकलंत? शेजाऱ्यांकडे, असे मी सांगितले. नोंद माझीच छापणार. खंड मात्र खुशालचेंडूला. माणसांत मिसळून वाक्ये गोळा करायची आहेत, तुम्हाला उगीच त्रास कशाला, म्हणाले. विचारपूर्वक निर्णय आहे. मी त्याचे अभिनंदन केले, अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने.
तो म्हणाला, सर, दाढ दुखतेय का?

संध्याकाळी
जिन्यात आजही हसणे ऐकू आले. बेल दाबली नाही. पायरीवर बसून राहिलो. दुसऱ्या खंडाला वाक्ये लागतीलच, मग तो कुणाचा का असेना.