मागच्या सीटचा कान

१० नोव्हेंबर, सोमवार
मोटारसायकलची मागची सीट हलते. आमच्या गाडीला पुढची आणि मागची सीट वेगवेगळी, स्पोर्टी मॉडेल. वाकून पाहिलं. मागची सीट ज्या लोखंडी पट्टीवर बसते तिला दोन कान आहेत, त्यांतून बोल्ट जातात. डावा कान तुटलाय, उजव्याला चीर. किरकोळ काम. गॅरेजला नेणार नाही. मी लूमखात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, मास्टर. बंद पडलेला माग उघडून पुन्हा चालू करणारा माणूस. तो सीट बसवून घ्यायला गॅरेजच्या बाकड्यावर बसलेला आमच्या डिंडोलीत कुणी पाहिला तर?
संकल्प: रविवारपर्यंत काम फत्ते.

११ नोव्हेंबर
सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. पुढचा गुरुवार. अमळनेरहून येणार, आमच्याकडेच उतरणार. वाल्मिकचा, म्हणजे माझ्या मेव्हण्याचा, चलथाणहून फोन. तिथल्या साखर कारखान्यात असतो. "दाजी, मी चारचाकी लई येस," म्हणाला. मी स्पष्ट सांगितलं, सासूबाई माझ्या घरी उतरणार, त्यांना नेणारही मीच. चारचाकीवाल्यांना वाटतं जावई म्हणजे कोणीच नाही.
मंगला म्हणाली, रिक्षा करू या. बायको चांगली आहे, पण तिला काही गोष्टी कळत नाहीत.

१३ नोव्हेंबर
शेजारच्या मगनभाईंकडून ड्रिल मशीन आणलं. "शालिग्रामभाई, वेल्डिंग करावी लो ने," म्हणाले. मी हसलो. वेल्डिंग हा अडाण्यांचा उपाय आहे.
भोक पाडताना ड्रिल सटकून एका वायरमध्ये गेलं. आता ब्रेक लाइट कायम लागलेला राहतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने उत्तम. मागून येणाऱ्याला मी सतत दिसणार.

१६ नोव्हेंबर, रविवार
सासूबाई आल्या. उजव्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नाही, डाव्याने धूसर. दारातली चप्पल पायाने चाचपून शोधतात. बघून वाईट वाटलं. माझ्याशी बोलल्या नाहीत, कारण त्या जावयाशी थेट बोलत नाहीत. जुनी रीत. मी समोर आलो की पदर पुढे येतो आणि माझा चहा झाला का हे मंगलाला विचारलं जातं. मलाही ते बरं वाटतं, मान आहे त्यात.
संध्याकाळी सीट बसवली. खात्यातून मागाचा जुना चामडी पट्टा आणला, भोकांतून ओवून पट्टीला बांधला, वर दोन ट्यूबवालं ग्लू. मगनभाई म्हणाले, अजून हलते. हलणारच! मागाचा पहिला नियम आहे, फार घट्ट बांधलं की तुटतं. पट्ट्याला खेळायला जागा हवी. मी ती मुद्दाम ठेवली. त्यांना कापडातलं काय कळणार, त्यांचं फरसाणचं दुकान आहे.
मागचं धरायचं हँडल पट्ट्याच्या आड येत होतं, काढून माळ्यावर टाकलं. नाहीतरी कोण धरतं.

१८ नोव्हेंबर
चाचणी. मागच्या सीटवर गव्हाची गोणी ठेवून कालव्यापर्यंत गेलो आणि परत. गोणी जागची हलली नाही. सासूबाईंचं वजन तिच्याहून कमीच असेल.
मंगलाच्या लक्षात आलं की गोणी मी दोरीने स्वतःच्या कमरेला बांधली होती. म्हणाली, "रिक्षा करी ल्या ना. मन्ही माय शे ती, गहूनी गोणी नई." शंकेखोर माणसाशी वाद घालत नाही मी.

२० नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी
निघतोय. आधी अंगणात बसायची तालीम घेतली. सासूबाई एका बाजूला पाय सोडून बसल्या. खांद्याला धरा म्हटलं, पण त्या जावयाच्या खांद्याला हात लावतात होय? सीटच धरली दोन्ही हातांनी. मंगला डबा घेऊन शेअर रिक्षाने मागून येतेय. गाडी एकदम फिट.

त्याच दिवशी, दुपारी
लिहावंसं वाटत नाही. पण रोजनिशी आहे.
सकाळी गाडी सुंदर चालली. वाटेत सासूबाईंना धीर देत होतो. ऑपरेशन किती सोपं असतं, आमच्या खात्यातल्या पांडुरंगने कसं केलं, दुसऱ्या दिवशी पेपर वाचत होता. त्या बोलत नव्हत्या, पण त्या कधीच बोलत नाहीत. गतिरोधकावर जरा धक्का बसला. त्यानंतर गाडी एकदम हलकी पळायला लागली. वाटलं, पट्ट्याने काय कमाल केली, पिकअपसुद्धा सुधारला. रस्त्यावरचे लोक हात करत होते. मीही हात केला.
हॉस्पिटलच्या फाटकात पोचलो आणि मंगलाचा फोन आला. कुठे आहात? म्हटलं, पोचलो. आई कशी आहे? म्हटलं, मजेत, माझ्या मागेच बसलीये.
ती म्हणाली, मागे बघा. मग मी मागे पाहिलं.
सासूबाई गतिरोधकाजवळच होत्या, रस्त्याच्या कडेला, सीटवर बसलेल्या. सीट त्यांनी सोडलीच नव्हती, ती त्यांच्यासकट खाली आली होती. जावयाला हाक कशी मारायची म्हणून ओरडल्यासुद्धा नाहीत. मंगलाची रिक्षा तिथूनच चालली होती, म्हणून तिला दिसल्या.
उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. डॉक्टरांनी डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं, प्लास्टर निघाल्यावर बघू म्हणाले.

२१ नोव्हेंबर
वाल्मिक येऊन गेला. तो येण्याआधी गाडीवर कव्हर घातलं. धूळ फार असते हल्ली.
कशा पडलात, त्याने आईला विचारलं. मी पाणी आणायला उठलो. सासूबाई म्हणाल्या, "मन्हाच तोल गया. जवाईसनी काय चूक नई."
मंगला माझ्याकडे बघत होती. बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "तिथला गतिरोधक फार उंच बांधलाय, तक्रार करायला हवी." वाल्मिक हो म्हणाला. मला इतकी लाज वाटली की चहा तसाच ठेवून गाडीचं कव्हर नीट करायला बाहेर गेलो.

२३ नोव्हेंबर
संकल्प: वाल्मिकला फोन करून खरं सांगायचं. सीट मी बांधली होती, ढिली ठेवली होती, हँडल मी काढलं होतं. आजच.

२४ नोव्हेंबर
काल त्याची ड्यूटी असेल म्हणून केला नाही.

२९ नोव्हेंबर
फोन केला. उसाचा सीझन कसा आहे विचारलं. चांगला आहे म्हणाला. बारडोलीकडचा पाऊस, भाव, थंडी, सगळं झालं. मग तोच म्हणाला, दाजी, तुम्ही आईचं किती करताय. मी म्हटलं, माझं कर्तव्यच आहे. आणि ठेवला. हे मी का बोललो?

७ डिसेंबर, रविवार
सासूबाई डाव्या हाताने भाकरी मोडतात. मोडत नाही, मग मंगला घास करून देते. माणसाला दिसत नाही आणि हातही चालत नाही, तर तो दिवस कसा काढतो हे मी घरातच बघतोय. त्या मात्र मंगलाला विचारतात, त्यासना डबा दिधा का. माझा डबा!
आजकाल मी खात्यातून उशिराच निघतो. काम खूप आहे.

१४ डिसेंबर
कान वेल्ड करून घेतले. दूर, उधन्याला नेली गाडी, तिकडे ओळखीचं कुणी नाही. वेल्डरने पट्टा काढून हातात धरला आणि विचारलं, हे कोणी केलं? म्हटलं, आधीच्या मालकाने.

२८ डिसेंबर
प्लास्टर निघालं. ऑपरेशन येत्या शुक्रवारी. आता सगळी भरपाई करायची. हँडल पुन्हा लावलं. सीटवर मी स्वतः उड्या मारून बघितल्या. मंगलाला सांगितलं, या वेळी आईला मीच नेणार, अगदी हळू. ती नाही म्हणाली नाही. म्हणजे विश्वास परत यायला लागलाय.

२ जानेवारी, शुक्रवार
खात्यातून अर्धी सुट्टी घेतली. गाडी धुतली होती, मागच्या सीटवर उशीसुद्धा बांधली. घरी आलो तर कुलूप. मगनभाई म्हणाले, दोघी सकाळीच रिक्षाने गेल्या, तुम्ही खात्यावर निघालात आणि लगेच.
हॉस्पिटलला गेलो तेव्हा ऑपरेशन झालं होतं. सासूबाई कॉटवर होत्या, डोळ्यावर पट्टी, बारीक झालेला उजवा हात मांडीवर. मी दारात दिसलो तशी मंगला म्हणाली, जवाई ऊनात. सासूबाईंनी त्याच हाताने पदर पुढे ओढला. मग मंगलाच्या कानाशी वाकल्या आणि मला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं, "घर जावाले रिक्षाच शे ना?"
मला ऐकू गेलं. मंगलाच्या आधी मीच म्हटलं, हो, रिक्षाच. आणि ती आणायला खाली गेलो.