धाकटीच्या हातचा काप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लोखंड कापणे, हा कागद स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, आणि छाती कधी दगा देईल सांगता येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, गळही घातलेली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर त्यात खोटं लिहिलं असतं.

१. वर्कशॉपवरच्या माझ्या दोन खोल्या मुलाला. तो त्या विकेल. विकू दे. पायऱ्या अरुंद आहेत हे घेणाऱ्याला आधी सांगावं.

२. बँकेत जे काही असेल ते सुनेला. मुलगा फोन करतो तेव्हा मागून "विचार ना, विचार ना" असं ती त्याला ढोसत असते, ते मला ऐकू येतं.

३. शेजारच्या लेथवाल्याला माझं बसायचं स्टूल. तो एकदा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, "वहिनी, तुमचा काप चांगलाच असतो, पण धाकट्या वहिनींचा माल आला की मला लेथवर कामच उरत नाही." स्टुलाचा एक पाय आखूड आहे. त्याने निवांत बसून बघावं.

४. आता बँडसॉ, म्हणजे लोखंड कापायचं पट्टीच्या ब्लेडचं मशीन. मशीन आणि खालचं वर्कशॉप निम्मं माझं, निम्मं माझ्या धाकट्या जावेचं. आमचे दोघींचे यजमान गेले, तेव्हापासून तशी नोंद आहे. माझा निम्मा हिस्सा मी तिला देते. का, ते लिहिणं भाग आहे.

या मशीनवर आधी मी उभी राहिले. कारागीर सोडून गेला आणि ऑर्डर अडली, तेव्हा यजमान कपाळाला हात लावून बसले होते. मी पदर खोचला. ब्लेडचे दात कुठल्या दिशेला हवेत इथपासून सगळं चुकत चुकत शिकले. बारा वर्षं या गल्लीत सरळ काप म्हटलं की माझं नाव निघायचं. मग धाकटी खाली आली. आधी मोजमापं लिहायची, मग बार धरायला लागली, आणि महिन्याभरात कापायला. तिचा हातच तसा. गिऱ्हाइकं विचारू लागली, "आज कोण आहे मशीनवर?" मी आहे म्हटलं की म्हणायची, "उद्या येतो." एकदा जेवताना यजमान म्हणाले, "तिच्या कापाला कानस लावावी लागत नाही." नवऱ्याने माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली असती तर चाललं असतं.

बँडसॉला तारेचा एक गोल ब्रश असतो. ब्लेडच्या दातांत अडकलेला कीस तो झाडतो. तो झिजला की कीस परत कापात जातो आणि काप वाकडा होतो. आमचा झिजला होता. नवा मीच आणला आणि वर माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला. तिचे चार काप वाकडे जावेत, एवढंच मला हवं होतं. माझी पाळी असली की मी मशीन थांबवून दात साफ करायची. तिने तसं केलं नाही. घाईची ऑर्डर होती. चालत्या ब्लेडवरचा कीस ती हातमोजा घातलेल्या हाताने झटकायला गेली. मोजा ओढला गेला. मी पाच पावलांवर होते. मशीन बंद करायचं लाल बटण दाबलं. दोन बोटं गेली, हात वाचला.

सगळे म्हणाले, मोठीने हात वाचवला. मी ऐकून घेतलं. बावीस वर्षं ऐकून घेतलं. आणखी लाजिरवाणं सांगते. दवाखान्यात माझे यजमान तिच्या उशाशी बसून असायचे, गिऱ्हाइकं फळं घेऊन यायची, तेव्हा मला तिच्या त्या बांधलेल्या हाताचाही हेवा वाटला. सहा महिन्यांनी ती परत उभी राहिली, आठ बोटांनी, आणि काप पहिल्यासारखाच. माझा जळफळाट तेव्हाही थांबला नाही.

५. धाकटीनंतर जो कोणी मशीनवर उभा राहील त्याच्यासाठी. बार व्हाइसच्या पकडीत घट्ट आवळल्याशिवाय बटण दाबायचं नाही. ब्लेडचे दोन्ही आधार मालाच्या जितके जवळ आणता येतील तितके आणायचे. ब्लेड बदलताना जाड मोजे घालायचे, मशीन चालू असताना मोजे नाहीत, लोंबता पदर नाही, बांगडी नाही. नवं ब्लेड पहिले काही काप हळू चालवायचं. साफ करायचं असेल तर मेन स्विच बंद, किल्ली आपल्या खिशात, आणि चाकं पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं. कीस ब्रशने काढायचा, हाताने नाही, हवेच्या नळीनेही नाही, डोळ्यांत उडतो. सांडलेलं कूलंट, म्हणजे ब्लेड थंड ठेवणारं पाणी, लगेच पुसायचं. आणि सामान संपलं, झिजलं, तुटलं, तर सगळ्यांना सांगायचं.

६. कलम चार लिहून झाल्यावर मी धाकटीला वर बोलावलं आणि वाचून दाखवलं. ती खाली बघत ऐकत होती. मग म्हणाली, "बावीस वर्षं मला वाटत होतं, सगळी माझीच चूक."

मी म्हटलं, "म्हणून तर माझा हिस्सा तुला देतेय."

"चालत्या ब्लेडला हात लावला ती माझी चूक. ब्रश लपवलात ती तुमची. दोन्ही राहू द्या कागदात. पण बोटांच्या बदल्यात मला मशीन नको, ताई."

"मग काय लिहू?"

"जे कधी बोलला नाहीत ते लिहा. नाहीतर तुमचा हिस्सा भंगारवाल्याला द्या."

ती जिना उतरून गेली. तीन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. खालून मशीनचा आवाज येत होता, आणि काप सरळ चालला आहे हे मला इथे पडल्या पडल्या कळत होतं. या तीन दिवसांत मी चार कागद फाडले. तरी कलम चारमधलं कारण मी आता बदलते. माझा हिस्सा धाकट्या जावेला देण्याचं कारण असं: ती माझ्यापेक्षा चांगलं कापते. पहिल्या महिन्यापासून.

वरील मजकूर मी वाचला. तो माझा आहे.

सही: मोठी जाऊ
साक्षीदार १: डॉक्टर, ज्यांनी माझी छाती तपासली
साक्षीदार २: लेथवाला (कलम तीन वाचून हसला, स्टुलावरचा हक्क सोडून मगच सही केली)
स्थळ: वर्कशॉपवरची खोली
दिनांक: सोळा नोव्हेंबर, सकाळी, मशीन चालू असताना