गुरुवारचे ते

गुरुवार, १ नोव्हेंबर १९२८

वहिनीला घेऊन सिनेमाला. बायकांचा खेळ, दुपारी तीनचा. दादाने हो म्हटलं, पण "शाळेत कुणाला सांगू नकोस, गोदू" हे तीनदा. मास्तरीण सिनेमाला जाते हे बरं दिसत नाही म्हणे.

नायक उंच. फेटा डावीकडे कलता, त्याला तुरा. घोड्यावरून उतरतो तेव्हा पाय जमिनीला लागतच नाहीत असं वाटतं. दोनतीनशे बायका एकदम गप्प झालेल्या मी आज प्रथम पाहिल्या.

वहिनीला वाचता येत नाही. चित्र थांबून अक्षरांची पाटी आली की ती माझं कोपर ओढणार, "काय म्हणतात ते?" मी कानात वाचायची. चौथ्या पाटीला मागच्या बाकावरून, "बाई, जरा मोट्यानं वाचा की. आमाला बी कळूं द्या." मागे वळून पाहिलं तर एक विणकरीण, मांडीवर तान्हं, शेजारी बहीण. मग मोठ्याने वाचलं, वर्गात वाचते तसं. घसा बसला.

शुक्र. २ नोव्हें.

जेवताना दादा : नट कोण होता कालचा?
वहिनी : ते.
दादा : ते कोण?
वहिनी : तेच.

नाव घेणार नाही. नाव घेत नाही ती दादाचं. आता या माणसाचंही नाही. दादाला ठसका लागला. वहिनीला त्यात हसण्यासारखं काय ते कळेना.

गुरु. ८ नोव्हें.

तोच खेळ पुन्हा. दारातच मॅनेजर उभे. म्हणाले, बाई, मागच्या वेळी वाचलंत तसं दर गुरुवारी वाचाल का? पडद्याशेजारी स्टूल ठेवतो. सगळ्यांना ऐकू जाईल.

विचार करायच्या आत हो म्हणून बसले. हेडबाईंच्या कानावर गेलं तर

जाऊ दे.

शुक्र. १६ नोव्हें.

काल थेटर तुडुंब, दिवाळीच्या सुट्टीमुळे.

स्टुलावरून पडदा अगदी जवळ. त्यांचं तोंड माझ्याहून मोठं. हसले की उजव्या गालावर खळी, डाव्या नाही. कानाजवळ रंग नीट लागलेला नसतो. हे मागे बसून कळलं नसतं.

लिहायला संकोच वाटतो, पण ही वही कोण वाचणार. पुरुषाच्या तोंडाकडे इतका वेळ मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. लग्न नवव्या वर्षी. दहाव्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीत ते गेले. सासरी मी गेलेच नाही. अंतरपाट काढला तेव्हा पाहिलं असेल एकदा, किंवा मुंडावळ्यांमुळे नसेलही. फोटो काढलेला नाही. नाव लिहिता येतं. तोंड आठवत नाही.

अंधारात मात्र कुणी विचारत नाही की कुणीकडे बघतेस. सगळ्याच बघत असतात.

गुरु. २९ नोव्हें.

आज एक अपराध केला.

नवा खेळ. ते लढाईवर निघतात, बायको दारात. पाटीवर एवढंच, "मी परत येईन." मी वाचलं, "मी परत येईन. तोवर वेळेवर जेवत जा." कसं सुचलं देव जाणे. थेटरात एकदम हुंदके. मागची विणकरीण (राजव्वा तिचं नाव, साखर पेठेत राहते) मोठ्याने म्हणाली, "असं कोन म्हंतंय वो आमाला."

बाहेर पडताना मॅनेजर, "बाई, पाटीवर एवढं नव्हतं."
मी म्हटलं, "जागा कमी पडली असेल."
ते म्हणाले, "पुढच्या गुरुवारी स्टुलावर उशी ठेवतो."

रवि. ९ डिसें.

वहिनीने दादाचा डोक्याचा रुमाल इस्त्री करून ठेवला होता. दादा कोर्टात जाताना बांधतो तसा बांधायला लागला. वहिनी म्हणाली, "जरा डावीकडे कलता बांधा की." का ते सांगेना. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी भाजी निवडत होते. मग त्याने मुकाट्याने कलता बांधला आणि आरशासमोर जरा जास्तच उभा राहिला. रविवारचा दिवस, कोर्टबिर्ट काही नाही. दोघं देवळात जाऊन आली.

मंगळ. ११ डिसें.

व्हायचं ते झालं. हेडबाईंनी बोलावलं.

"तुम्ही सिनेमात ओरडता म्हणे."
"वाचते."
"पुरुषांची वाक्यं?"
"पाटीवर असतील ती."

(असतील ती. देवा.)

कमिटीपुढे विषय नेण्याआधी स्वतः पाहणार म्हणाल्या. ट्रेनिंग कॉलेजात घालायला दादाने केवढा आटापिटा केला होता. नोकरी गेली तर त्याला तोंड कसं दाखवू. घरी सांगितलं नाही. वहिनीला कळलं तरी, माझ्या ताटावरून. भाकरी तशीच राहिली होती.

गुरु. १३ डिसें.

हेडबाई आल्या. शेवटचा बाक, पदर कपाळापर्यंत. आज मी पाटीबाहेर एक अक्षर वाचलं नाही. बायका कुरकुरल्या. "बाई, आज बरं न्हाय का?" राजव्वाने विचारलंच.

ते बाण लागून पडतात, तिथे मध्यंतर. दिवे लागले. हेडबाई सरळ स्टुलाजवळ. मी उठून उभी राहिले.

हळूच म्हणाल्या, "मरतात का हो पुढे?"
"नाही. वाचतात."
"मग ठीक." जाऊन बसल्या.

शुक्र. १४ डिसें.

शाळेत हेडबाई सुट्टीच्या घंटेनंतर एवढंच म्हणाल्या, "श आणि ष यांत फरक करत जा. तुम्ही शिक्षिका आहात."

कमिटीचं नाव नाही. घरी आल्यावर वहिनीला सगळं सांगितलं. तिने आधी डोळे पुसले, मग विचारलं, "त्यांना पण आवडले ना ते?"

सोम. ७ जाने. १९२९

बातमी. ते स्वतः सोलापुरात येणार. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरली की त्या आठवड्यात, गुरुवारच्याच खेळाला. मॅनेजरांनी शाळेच्या दारात येऊन सांगितलं. घरी वहिनीने ऐकलं आणि हातातलं पीठ तसंच घेऊन ओसरीवर बसली.

गुरु. १७ जाने.

क्रमाने लिहिते, नाहीतर राहून जाईल.

खेळ संपला. दिवे लागले. मॅनेजर म्हणाले, भगिनींनो, आणि पडद्याच्या बाजूने ते आले. तुरा नाही, फेटा नाही. करडा कोट. केस चापून बसवलेले, एवढंच ओझरतं दिसलं. मी स्टुलाशेजारी उभी, मध्ये फार तर दोन हात.

आणि सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. सगळ्यांनी. मीसुद्धा. पदर पुढे ओढल्याचा एकदम आवाज झाला. वहिनी इतकी वाकली की कपाळ पुढच्या बाकाला टेकलं. दोन महिने ज्याच्याकडे डोळे फाडून पाहिलं तो माणूस उजेडात समोर उभा, आणि बघणारं कुणी नाही.

"आपण सगळ्या बऱ्या आहात ना?" त्यांनी विचारलं. आवाज साधा, थोडा सर्दीचा. पाहुणा दारात यावा आणि पाणीसुद्धा कुणी विचारू नये, तसे उभे राहिले बिचारे.

मग मागून राजव्वा, "जेवलासा का?"
"अजून नाही," ते म्हणाले, आणि हसले. हसल्याचं ऐकलं. पाहिलं नाही.

नमस्कार करून गेले. मी काय पाहिलं? बूट. डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती.

शुक्र. १८ जाने.

राजव्वा बाजारात भेटली. म्हटलं, तुम्ही तरी पाहिलं ना? "न्हाय वो बाई. म्या बी खालीच बघून इचारलं. लई लाज वाटली."

दुपारी वहिनी म्हणाली, "वन्सं, खळी खरी असते का हो त्यांची?" मला सांगता आलं नाही. दोन हातांवर उभी होते मी.

स्वतःचाच राग येतो. लाज कसली? त्यांनी आपल्याकडे पाहिलं असतं याची? इतका वेळ एकतर्फी चाललं होतं म्हणून बरं होतं का?

रवि. १० फेब्रु.

दादाने आज विषय काढला. बरेच दिवस मनात होता म्हणे. मोहोळच्या मराठी शाळेतले मास्तर, दादाचे वर्गबंधू. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, मूल नाही. विधवेशी लग्न करायची तयारी आहे, घरच्यांचा विरोध पत्करून. माणूस चांगला. दादा हे सगळं खिडकीबाहेर बघून सांगत होता.

मग म्हणाला, "तुला बघायला येणारबिणार नाही. ती पद्धत त्याला पटत नाही. तू शिकलेली आहेस, एवढं त्याला पुरे. बघायची गरज वाटत नाही म्हणतो."

मी म्हटलं, "मला वाटते."

दादा वळला. "काय वाटते?"
"गरज. मला बघायचे आहेत ते."

वहिनी आतून बाहेर आली. हातात झारा. तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

शनि. १६ फेब्रु.

मोहोळहून कार्ड. "त्यांचे म्हणणे रास्त आहे. २४ तारखेच्या सकाळच्या गाडीने येतो." अक्षर वळणदार. श आणि ष नीट.

गुरु. २१ फेब्रु.

वाचताना दोनदा पाटी चुकले. वहिनी म्हणते, बायकांना कळलं नाही. कळलं असणार.

रवि. २४ फेब्रु.

आले. चालत आले स्टेशनवरून, धोतराला धूळ. दादाने बैठकीत बसवलं. मी पोहे नेऊन ठेवले आणि आत गेले नाही. समोर सतरंजीवर बसले. दादा हवापाण्याचं काहीतरी बोलत होता, मग वहिनीने त्याला विहिरीवर काम आहे म्हणून हाक मारून नेलं. विहीर आटलेली आहे.

सकाळचा उजेड, दार सताड उघडं. ठरवलं होतं. मान वर केली आणि पाहिलं.

रंग सावळा. कान मोठे. डावी भुवई मध्ये तुटलेली, लहानपणी पडले असतील. हनुवटीवर ताजं कापलेलं, आज घाईत दाढी केलेली. खळी कुठेच नाही. टोपी गुडघ्यावर, आणि तिची कड बोटांनी सारखी दुमडत होते. नजर पोह्यांवर.

थोड्या वेळाने, खाली बघूनच, "तुमचं झालं की सांगा."
मी म्हटलं, "अजून नाही."
"बरं." आणि बसून राहिले. कान लाल झाले होते. घाई केली नाही. मला वाटतं दहा मिनिटं तरी गेली असतील. पोहे गार.

मग दादा आला. गाडीची वेळ झाली. उठताना म्हणाले, "पुन्हा यायचं असेल तर कळवा. मी येईन." पुढे काही जोडलं नाही.

वहिनी जिन्यातच धरून, "कसे आहेत?" मी भुवईचं सांगितलं, कानांचं सांगितलं. तिने सगळं नीट ऐकलं, पाटी वाचून दाखवते तेव्हा ऐकते तसं. मग म्हणाली, "आणि डोळे?"

ते सांगता आलं नाही. सगळा वेळ खाली होते ना.

दादा विचारतो, काय कळवू. म्हटलं, उत्तर नाही अजून. एवढंच कळव की पुन्हा या.