रोशनच्या स्थळाची पुलापलीकडची चौकशी

रास तनुरा,
शनिवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या पायांवर बाळारामचं डोकं, आणि ते खाली आहे तोवर मामीलाही त्यातच नमस्कार पोचला असं समजावं, कारण कागद मोजके आहेत आणि लिहायचं पुष्कळ आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेली क्रीम तुम्ही गिरणीच्या पट्ट्याला लावलीत असं किशोरीने सांगितलं, ते खरं नसावं अशी आशा आहे. मामीची साखर आटोक्यात असेल. माझी तब्येत चांगली आहे, केस सोडून.

फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्या पिठाच्या गिरणीत फोन कायम स्पीकरवर असतो. मागे मी मूळव्याधीचं औषध विचारलं तेव्हा दळण घेऊन बसलेल्या चार बायकांनी चार उपाय सुचवले होते आणि त्यातल्या एकीने पुढे माझ्या आईलाही कळवलं होतं. म्हणून हे पत्र. तुम्ही मला सांगितलंत की रोशन तुझ्याच खोलीत राहतो, आपल्या किशोरीसाठी त्याचं स्थळ आलंय, पुढच्या रविवारी तो मुलगी बघायला येतोय, तर त्याआधी मुलगा कसा आहे याची गुपचूप चौकशी कर आणि काही न लपवता कळव. एवढी मोठी जबाबदारी तुम्ही सख्ख्या भाच्यावर टाकलीत याचा मला अभिमान वाटला. (आणखीही काही वाटलं, पण ते चौकशीत येत नाही.) मी अगदी तटस्थपणे लिहितो आहे. रोशनशी माझं काहीही वाकडं नाही. त्याचे केस दाट आहेत, त्याला मी काय करणार?

आता इथली पद्धत सांगतो. आमच्या कॅम्पमध्ये कुणाच्या स्थळाची चौकशी आली की त्या मुलाला बहरीनला नेतात. सौदीत सगळेच साधू असतात, कारण इथे दारू मिळत नाही. समुद्रावरचा पंचवीस किलोमीटरचा पूल ओलांडून मनामात उतरलं की माणूस कसा आहे ते कळतं. वर्षभर खोलीत जपमाळ ओढणारे एकेक जण पूल संपायच्या आत शर्टाची वरची बटणं उघडताना मी पाहिले आहेत. म्हणून काल शुक्रवारी सकाळी, रोशन सगळ्यांसाठी चहा करत असताना (हा त्याचा पहिला दोष लिहून घ्या: आठ जणांचा चहा स्वतः करतो, त्यामुळे उरलेले सात जण आळशी दिसतात), मी सहज म्हणाल्यासारखं म्हणालो, की यल्ला, चल, बहरीनला जाऊ. कामासाठी म्हणून आम्हा दोघांकडेही जाण्यायेण्याचा वर्षाचा परवाना आहे. मला वाटलं तो आढेवेढे घेईल. त्याने गॅस बंद केला, इस्त्री केलेला एक शर्ट पिशवीत टाकला आणि गाडीची किल्ली घेतली.

गाडी त्याची, पांढरी, सेकंडहँड. चालवायलाही तोच, कारण माझं लायसन्स अजून व्हायचं आहे. (तीनदा नापास झालो. तिसऱ्या वेळी तर गाडी मागे घेताना साहेबांच्या खुर्चीला नुसता धक्का लागला होता, आणि साहेब तेव्हा खुर्चीत नव्हते.) एकशेवीसच्या रस्त्यावर हा शंभरने चालवतो. मी म्हटलं, अरे दाब जरा. तर म्हणाला, घरी आई वाट बघते. तुम्हाला असा रडका जावई चालेल का याचा विचार करा.

खोबर शहर मागे पडलं आणि त्याचा फोन वाजला. हल्लीच्या गाड्यांत फोन गाडीच्या पडद्यावर दिसतो आणि गाडीभर ऐकू येतो. पडद्यावर अक्षरं आली, ‘किशोरी गुहागर’. मामा, दोन्ही घरांनी एकमेकांचे नंबर दिलेत हे मला ठाऊक होतं, पण नंबर दिले म्हणजे ते लावायचेच असतात का? सात मिनिटं बोलली. पुलावर वारा आहे का, समुद्र कसा दिसतो, आपल्यासारखाच आहे की वेगळा. वर्षानुवर्षं मी तिला इथल्या समुद्राचे फोटो पाठवतो, तिने एकदाही विचारलं नाही की वारा आहे का. आणि शेवटी म्हणाली, “बाळूदादा आहे ना गाडीत? त्याला पुढे बसव हां, त्याला गाडी लागते.”

दादा! दोन महिन्यांपूर्वीपर्यंत नुसता बाळू होतो. तुमच्या ओट्यावर कैऱ्या कापताना मामी म्हणायची, बाळू काय, घरचाच मुलगा, मामाच्या मुलीवर पहिला हक्क त्याचा. तेव्हा सगळे हसले होते, मीही हसलो होतो, पण मी ते खरं धरून हसलो होतो. हे दादा कुणी शिकवलं ते मामीला विचारा. मी खिडकीची काच खाली केली, कारण मला खरंच गाडी लागली होती.

पुलाच्या मध्यावर बेटावर कागदपत्रं बघतात. तिथे माझ्या इकाम्याचा, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डाचा, घोटाळा झाला. तुम्हाला माहीत आहे मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे, पण मी आलो तेव्हा आमच्या ठेकेदाराकडे फक्त बेकरचा व्हिसा उरला होता, त्यामुळे इकाम्यावर माझा धंदा ‘खब्बाज’, म्हणजे पाव भाजणारा, असा लिहिलेला आहे. (हे गिरणीत वाचू नका.) खिडकीतल्या अधिकाऱ्याने विचारलं, काय काम करतोस? मी सवयीने म्हणालो, टेक्निशियन. त्याने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मी घाईघाईने म्हणालो, नाही नाही, पाव. झालं! मला बाजूच्या बाकावर बसवलं. रोशनच्या इकाम्यावर ‘मुहंदिस’ आहे, म्हणजे इंजिनियर. त्याला सलाम ठोकून दोन मिनिटांत सोडलं. आता महत्त्वाचं ऐका: त्याच्या बायोडेटात इंजिनियर लिहिलंय ते या कार्डावरचं आहे, खरा तो वेल्डिंग इन्स्पेक्टर आहे. एवढी मोठी फसवणूक मी उघडकीला आणतो आहे. (तो स्वतःही हे सगळ्यांना सांगत असतो. तुम्हालाही पहिल्याच फोनवर सांगितलं म्हणे. पण सांगितलं म्हणून काय झालं?)

त्याचं काम झालं होतं, त्याने पुढे निघून जायला हवं होतं. तसा गेला असता तर मला लिहिता आलं असतं, की बघा, वाऱ्यावर सोडून गेला. पण हा सव्वा तास माझ्याशेजारी बाकावर बसून राहिला, शेंगदाणे आणून दिले, मग आत जाऊन त्याच्या त्या मोडक्यातोडक्या अरबीत सगळं खरंखुरं सांगितलं, माझं कंपनीचं ओळखपत्र दाखवलं आणि मला सोडवून आणलं. लोकांसमोर असे उपकार करून माणसाला खाली बघायला लावायची त्याची ही सवय मला मुळीच आवडलेली नाही.

मनामात गेल्यावर मी म्हटलं, आता कुठे जायचं ते तू सांग. (सापळा होता.) तर हा म्हणाला, देवळात. जुन्या बाजाराच्या गल्लीत कृष्णाचं देऊळ आहे, सौदीतून आलेली आपली माणसं तिथे आवर्जून जातात. हा माझ्या आधी आत शिरला, डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. मी मागे उभा. देवाकडे आम्ही दोघं एकच मागत होतो, आणि त्याचा नंबर आधी लागला होता. बाहेर आल्यावर बाजारात त्याने मला विचारलं, की किशोरीला कुठला रंग आवडतो, ओढणी घ्यायची आहे. मी शेवाळी सांगितला. (शेवाळी रंगाला ती विहिरीतला रंग म्हणते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मला ते करताना लाज वाटली नाही, पण करून झाल्यावर वाटली.) त्याने विश्वास ठेवून तीच घेतली. इतक्या भोळ्या माणसाचा संसारात टिकाव कसा लागणार?

मग दुपारी जेवायला एका हॉटेलात मी चौकशीचा मुख्य भाग हाती घेतला आणि दोन बिअर मागवल्या. रोशनने आपली सरकवून ठेवली आणि लेमन मिंट मागवलं. मी आग्रह केला, शपथ घातली, त्याच्या आईला कळणार नाही असंही सांगितलं. नाही म्हणजे नाही. अन्न टाकू नये असं तुम्हीच शिकवलंय, म्हणून दोन्ही मला घ्याव्या लागल्या. नंतर मी त्याला काहीतरी बोललो, ते आता नीट आठवत नाही. अर्धा तास मीच बोलत होतो असं तो म्हणतो, आणि वाढपी दोनदा टिश्यूपेपर ठेवून गेला. रोशनची बिर्याणी तशीच राहिली. संध्याकाळी समुद्रावर बसलो असताना किशोरीचा पुन्हा फोन आला, तर त्याने वाजू दिला, उचलला नाही. हा दोष ठळक लिहून घ्या: होणाऱ्या बायकोचा फोन उचलत नाही. आज दुपारी परत आलो. येतानाही गाडी लागते म्हणून त्याने मला पुढेच बसवलं.

तर मामा, माझ्या मते हे स्थळ बरं नाही. मुलगा हळू गाडी चालवतो, मित्रांना लाजवतो, भोळा आहे आणि फोन उचलत नाही. बाकी निर्णय तुमचा. मामीला आणि गिरणीला माझी आठवण सांगा.

तुमचा भाचा,
बाळाराम

ता. क. रोशनला नाही म्हटल्यावर घाईघाईने दुसरीकडे शोधू नका. गुहागरातच, म्हणजे जन्माने गुहागरातला, तेहतीस वर्षांचा, निर्व्यसनी (काल सोडून) असा एक मुलगा आहे. इकाम्यावर काहीही असलं तरी नोकरी कायम आहे. त्याची चौकशी करायला कुणी नाही, कारण चौकशी करणारा तोच आहे.

ता. क. २. हॉटेलात काय बोललो ते मला सगळं आठवतंय. मी रडलो, मामा. मला किशोरी आवडते, शाळेत होतो तेव्हापासून, हे मी तुम्हाला नाही, तिला नाही, तर त्यालाच सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “मामांना आणि तिला सांगितलंयस का? आधी लिही त्यांना. ते काय म्हणतात ते कळल्याशिवाय मी मुलगी बघणार नाही.” तिला विचारा. मी विचारायला सांगितलं असं सांगू नका, पण विचारा.

ता. क. ३. पोस्टाने रविवारच्या आत पोचणार नाही म्हणून हे पत्र रोशनच घेऊन येतो आहे. आत माझं मागणं आहे एवढंच त्याला ठाऊक आहे, त्याच्याबद्दलची पानं त्याला ठाऊक नाहीत. पाकीट चिकटवायला डिंक नव्हता. मी त्याच्या जागी असतो तर विमानतळावरच वाचून टोपलीत टाकलं असतं. तेव्हा हे तुमच्या हातात पडलं असेल, तर मुलगा कसा आहे ते तुम्हाला कळलंच, वरचं काही वाचायची गरज नव्हती. तो आत्ता समोर ओट्यावर बसला असेल. त्याला चहा द्या. पण मामीच्या हातून द्या, किशोरीच्या नको.