ढोलीच्या बाजूची भिंत

९ जानेवारी

घरात पिस्तूल आलं.

वाक्य लिहून दोनदा वाचलं. दुसऱ्याच कुणाच्या घराबद्दल वाटतं. पण ते इथेच आहे, माझ्या कपाटात, पुस्तकांच्या मागे. एवढंसं! आखूड नळी, आखूड मूठ, काळं. दुकानदार म्हणाला होता, "सर, शर्टाच्या आत खोचलं तर बायकोलाही कळणार नाही." बायको शेजारीच उभी होती. रुचिता म्हणाली, "बायकोले सारं कळते. तुमी बिल बनवा."

आईला सांगितलेलं नाही. सांगणार नाही.

परवान्याच्या अर्जात कारण लिहिलं होतं, 'जीवितास धोका'. खरं कारण इथे लिहितो. दिवाळीनंतर एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याला लागून वैनगंगेची ओली रेती. माणूस आडवा झोपावा एवढा लांब ढीग — आणि वर झेंडूचा हार. चिठ्ठी नाही, नाव नाही. रेतीघाटावरच्या चोरीबद्दल मी कारध्यापासून मोहाडीपर्यंत सभा घेत होतो, त्याचं हे उत्तर. आई म्हणाली, "कोनी बांधकामाची टाकली असन, चुकून." आणि रुचिताकडून ती अंगणात पसरून घेतली. आता अंगण छान दिसतं म्हणते!

मी त्या रेतीवर अजून पाय ठेवत नाही. कडेकडेने जातो.

११ जानेवारी

कपाटाकडे पाठ करून बसता येत नाही. वाचता येत नाही. वीस वर्षं मी सभांमधून सांगत आलो की शस्त्र उचलतो तो माणूस ज्याचे मुद्दे संपले. टाळ्या पडायच्या. माझे मुद्दे संपलेले नाहीत. नुसती धमकी आली, तेवढ्यात मी दुकानात!

१३ जानेवारी

नागपूरजवळच्या रेंजवर जाऊन आलो. सोबत भैय्यालाल. शाळेपासूनचा मित्र, मोहाडीचा. बाप मागावर लुगडी विणायचा, हा फौजेत गेला, हवालदार होऊन परत आला आणि आता पुन्हा मागावर बसतो. हात अजून फौजी आहे.

पहिली गोळी! आवाजाचं मी वाचलं होतं, धक्क्याचंही वाचलं होतं. पण वाचलेलं अंगात नसतं. मूठ इतकी आखूड की करंगळी हवेतच राहते. नळी वर उडाली. रिकामं काडतूस माझ्या कॉलरमध्ये जाऊन पडलं, मान भाजली, आणि मी पिस्तूल हातात घेऊनच नाचायला लागलो. भैय्यालालने मनगट पकडून खाली दाबलं. "नळी समोर! आंग जळू दे, नळी समोर ठेव!" मग हसला. "वक्तेसाहेब, माईक नाय हा. याले तोंडाकडं नाय धरत."

नंतर गोळ्या कागदावर लागायला लागल्या. कडेला, खाली, एकदा तर चांगल्या मधोमध. भैय्यालाल म्हणाला, "बराबर आहे. एवढ्या लहान नळीतून याहून चांगलं कोनी नाही मारत. पिस्तूल भरोशाचं आहे." एकदाही अडकलं नाही. परत येताना गाडीत म्हणाला, "पन तुया हात भरोशाचा नाही, बाप्पा. तू डोळे मिटून राहिला." खोटं नाही. मिटत होते.

१५ जानेवारी

मोहाडीला, भैय्यालालच्या घरी. मागाशेजारी पांढरं फडकं अंथरून त्याने पिस्तूल उघडायला शिकवलं. या पिस्तुलाची एक वाईट खोड आहे. चाप दाबल्याशिवाय त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, निघत नाही. रिकाम्या पिस्तुलाचा चाप दाबायचा, टक् असा आवाज येतो, मग बाजूचा खटका खाली ओढून स्लाइड पुढे काढायची. मग स्प्रिंग, मग नळी. चार तुकडे फडक्यावर. मेलेल्या जनावरासारखे.

"पयले मॅगझीन काढ. मंग चेंबर पाह्य, स्लाइड ओढली का गोळी नळीच्या मांगं जाऊन बसते ते जागा. डोळ्यानं पाह्य, बोटानं पाह्य. मंग नळी अशीकडं कर जिकडं काही जीव नाही. तवा कुठं चाप." चारदा वदवून घेतलं. मी पाठ म्हटलं. पाठ करण्यात मी हुशार!

माझ्या हातून स्प्रिंग सुटली ती उडून मागाच्या खड्ड्यात. दोघं गुडघ्यावर. भैय्यालालची बायको शोभाताई दारातून म्हणाली, "काय हरवलं?" तो म्हणाला, "याची हिंमत."

१६ जानेवारी

घरी जागा ठरवली. माझं टेबल ज्या भिंतीला लागून आहे ती आतली भिंत म्हणजे जुना कुड. बांबूच्या तट्ट्यावर माती लिंपलेली. बाकी घर सिमेंटचं झालं, एवढी राहिली. कुडाच्या पलीकडे धानाची ढोली — बांबूची, माणसाच्या छातीएवढी उंच, गच्च भरलेली. एवढ्या धानात गोळी शिरली तर तिथेच मरेल. आमच्यासारख्यांच्या घरात याहून चांगली जागा कुठली! पिस्तूल साफ करताना नळी ढोलीकडे. भैय्यालालला फोनवर सांगितलं. म्हणाला, "लय भारी. फौजेत रेतीचे पोते लावतात, तू धान लाव."

रेती म्हणू नकोस, म्हटलं.

२० जानेवारी

मोहाडीची सभा, आठवडी बाजाराच्या मैदानात. कमरेला पिस्तूल, वरून जाकीट. मॅगझीन भरलेलं, चेंबर रिकामं. भैय्यालालची सक्त ताकीद. तोही होता, चहाच्या टपरीशी.

नेहमीप्रमाणे आधी सर्वांनी उभं राहून पंचशील घेतलं. पहिलंच शील जीवहिंसा न करण्याचं. शेकडो माणसांसोबत तोंडाने ते म्हणत होतो आणि लोखंड बरगडीला टोचत होतं. जीभ जड झाली. माझी!

भाषण झालं. नदी कुणाच्या बापाची नाही, हे झालं. घाटावरून पहाटे निघणारे टिप्पर झाले. टाळ्या झाल्या. पण मैदानाच्या मागे कुणी मोटारसायकल सुरू केली की माझं वाक्य तुटत होतं. एकदा हात आपोआप जाकिटाखाली गेला. तो मी तसाच उचलून हवेत फिरवला, जणू भाषणाचाच भाग.

शकुनबाई नेहमी पुढच्या रांगेत बसते. धानाच्या रोवणीची मजुरी करते, एक सभा चुकवत नाही. उतरल्यावर हात धरून म्हणाली, "भाऊ, आज तुमी आमच्याकडं पाह्यलंच नाही."

"पाहिलं ना, शकुनबाई."

"नाही. सारा टाइम आमच्या मांगं पाहून राहिले होते. मलेच वाटलं मांगं कोनी उभं हाय. मी दोन डाव वळून पाह्यलं."

हिला मी भीती दिली. वीस वर्षांत मी लोकांची भीती काढायला उभा राहतो असं समजत होतो.

२१ जानेवारी

रुचिताला शकुनबाईचं सांगितलं. ती आरोग्य केंद्रात परिचारिका आहे, घाबरलेली माणसं रोज पाहते. पोळी लाटताना म्हणाली, "तुमी बोलता तं मोहाडी हालते. अन् कुत्रं भुंकलं तं तुमी हालता."

मग जरा वेळाने: "मले तुमची भीती समजते. पन ते कपाटातलं मले नाही समजत."



२४ जानेवारी

आजचं लिहिताना हसू यावं. येत नाही.

दिवेलागणीला दारासमोर मोटारसायकल थांबली. दोन माणसं. तोंडाला रुमाल. आई घरामागच्या वाडीत, रुचिता ड्युटीवर. मला कपाट कसं उघडलं आठवत नाही. मॅगझीन लावलं, स्लाइड मागे ओढून सोडली. तो आवाज! आणि पिस्तूल वर्तमानपत्राखाली धरून दारात गेलो.

"जयभीम भाऊ! वळखलं नाही काय? थंडीनं रुमाल बांधला." दोघांनी रुमाल काढले. शेजारच्या गावचे. मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटक ठेवलंय, उद्घाटक म्हणून मीच पाहिजे. "फाल्तूचे पुढारी नोको आमाले, तुमीच पाह्यजे. नाटकाचं नाव लय दमदार आहे, भाऊ." मी हो म्हटलं. काहीही विचारलं असतं तरी हो म्हटलं असतं. एकाने पेपरकडे पाहिलं. "बातमी वाचून राहिले होते काय? चालू द्या, चालू द्या."

गाडी वळणाआड गेली. उंबऱ्यावर बसलो. रेतीवर पाय टेकले होते, ते नंतर लक्षात आलं.

मग आत आलो. मॅगझीन काढायला दोन्ही अंगठे लागले. निघालं. मॅगझीन एका खणात, पिस्तूल दुसऱ्या खणात. वेगवेगळं केलं की तो लोखंडाचा तुकडा. कुलूप लावलं. पुन्हा हात लावायचा नाही, असं ठरवलं.

तरणी पोरं होती. नाटकाचं आमंत्रण घेऊन आली होती. एकाने अजून रुमाल काढायला उशीर केला असता तर?

२७ जानेवारी

निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता! परवानाधारकांनी शस्त्रं ठाण्यात जमा करावीत, असा निरोप आला. म्हणजे ज्या महिन्यात मी सगळ्यात जास्त बोलणार, ज्या महिन्यात टिप्परवाल्यांचे मालक गावोगाव फिरणार, त्याच महिन्यात मी रिकामा. त्यांच्याकडे काय आहे ते कोण जमा करून घेणार? त्यांनी परवाना मागितलाच कुठे!

रागाने तासभर फेऱ्या मारल्या. एक अख्खं भाषण तोंडातल्या तोंडात झालं. मग लक्षात आलं की रागाखाली दुसरंच काही आहे. सुटल्यासारखं.

रुचिता आतून म्हणाली, "ढोलीले उधई लागली. खालून पुरी पोखरली. धान मिलवर न्यावं लागन, नाही तं मातीच खाऊ. परवा टेम्पो सांगू काय?" म्हटलं, सांग. माझं डोकं ठाण्यात होतं, वाळवीत नाही.

२९ जानेवारी

भैय्यालालचा फोन. "जमा कराच्या पयले साफ कर अन् तेल लाव. ठाण्यात महिनोनमहिने पडून राह्यते, गंजून जाईन."

संध्याकाळी टेबलावर फडकं अंथरलं. पिस्तूल काढलं. मॅगझीन तर त्या दिवशीच काढलं होतं. नळी कुडाकडे केली, दोन्ही हातांनी धरलं, बोट चापावर नेलं. नुसता टक् आवाज येणार, हे माहीत असूनही डोळे मिटले. भैय्यालाल म्हणतो ते खरं आहे.

आणि तेवढ्यात कुडापलीकडून आईचा आवाज. तिची संध्याकाळची वंदना. पंचशील सुरू झालं. पहिलाच शब्द, "पाणातिपाता..." इतक्या जवळून, इतका स्पष्ट, जणू माझ्याच कानात म्हणाली. एरवी तिची वंदना पुढच्या खोलीतून पुसट ऐकू येते.

बोट काढून घेतलं. दाबता येईना. लाज वाटली. माझी आई ते म्हणत असताना मी इकडे टक् करणार होतो. पिस्तूल तसंच फडक्यात गुंडाळून ठेवलं. गंजू दे.

आत गेलो. ढोली नव्हतीच. धान सकाळीच मिलवर गेलं, पोखरलेली ढोली बाहेर फेकलेली. आईने ती जागा शेणाने सारवून घेतली होती, बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर तिथे आणली होती, आणि कुडाला पाठ टेकून चटईवर बसली होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "पाह्य बापू, केवढी जागा निंघाली! आता मी इथंच बसन. इथं वारा नाही लागत."

म्हटलं, बस माय.

ठाण्यात द्यायचंच आहे, म्हणून बरं. टक् झालं असतं तरी ती दचकली असती.

३१ जानेवारी

ठाण्यात गेलो. हवालदाराने पावती लिहिता लिहिता काडतुसं मोजली. "सर, एक कमी आहे." मी म्हटलं, शक्यच नाही, रेंजनंतर एकही उडवलेली नाही. त्याने पिस्तूल उचललं, नळी खाली केली, स्लाइड मागे ओढली. टेबलावर काहीतरी टक् करून पडलं आणि गडगडत माझ्याकडे आलं.

घरी आलो ते कसा, माहीत नाही. टेबलाशी उभा राहिलो. परवा नळी कुठे होती ते आठवलं आणि कुडावर त्या जागी बोट टेकवलं. माती थोडी झडली.

पलीकडून आई म्हणाली, "कोन हाय रे तिकडं?"