चंद्रव्वा, नागम्मा आणि मित्रपरिवार

५ मार्च १९७४

आज रेडिओला गाण्याच्या फर्माइशीची सात कार्डं लिहिली. दोन तर डाव्या हातानं! रेडिओला संशय यायला नको, म्हणून शिवयोगी आण्णांना प्रत्येक कार्डावर अक्षर निराळं पाहिजे. मी एकटाच चंद्रव्वा, नागम्मा आणि मित्रपरिवार. चौथी नापास माणसाला एवढं काम!

आण्णा आमच्या कारखान्यात टॉवेलांच्या घड्या घालतात. वीस वर्षांमागं एका सिनेमाचं गाणं लिहिलं. गाणं सगळ्यांना पाठ, लिहिणारा कुणाला ठाऊक न्हाय. रेडिओनं एकदा नाव घ्यावं, एवढाच हट्ट.

मी म्हटलं, "तुमच्या गाण्यात बाई तीन कडवी दारात उभी. चुलीवर काय करपलं ते कोण बघणार?"

"तुला न्हाय कळायचं, गड्या."

न कळू दे. करमाळ्याहून इथं येऊन दीड वर्ष झालं. जीव रमत नाही, म्हणून लिहितो कार्डं.

१७ मार्च

गाणं लागलं! बसप्पाच्या हॉटेलात सगळे गप्प. रेडिओवरच्या बाईनं गाणारीचं नाव सांगितलं, चाल लावणाऱ्याचं सांगितलं — आणि बसप्पा आत बघून ओरडला, "दोन चहा, एक भजी!"

गेलं नाव!

"तुमचं नाव येणार होतं व्हय? आधी सांगायचं की, आण्णा!"

मी पोट धरून हसलो. आण्णा बशीत बघत बसले.

२५ मार्च

परत कार्डं. अकरा.

७ एप्रिल

आज नाव घेतलं. स्पष्ट. "गीतकार, कैलासवासी शिवयोगी हिरेमठ."

बसप्पानं हात जोडले. "कधी गेला तुमी? कळवायचं तरी की!" अख्खं हॉटेल खिदळलं. आण्णाही हसले, पण चहा तसाच टाकून उठले.

मी रेडिओला तक्रार लिहिली — गीतकार जिवंत आहेत, रोज टॉवेल मोजतात, शंका असल्यास येऊन बघणे.

८ एप्रिल

आण्णांच्या जागेवर कुणीतरी उदबत्ती लावली. मीच लावली.

३ मे

रेडिओचं उत्तर माझ्या नावानं आलं. चूक त्यांची नाही. गीतकार वारले, असं त्यांना आठ वर्षांमागं लेखी कळवलं होतं. कळवणारी — पत्नी, सुंदरम्मा, कुर्डुवाडी.

बायको आहे, हे आण्णा कधी बोलले नव्हते.

पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, दुसरं लिहितो, खाली सही तुमची करा.

"नको," म्हणाले. "तिला खोटी पाडू नको."